प्रश्न वॅटचा की कानाचा?



घरात गाणी ऐकण्याचा संच असला, की एक ना एक दिवस कोणीतरी म्हणतेच, "आता याला मोठा ॲम्प्लिफायर घेऊ या!" दुकानदार लगेच विचारतो, "किती वॅटचा?" माझे स्पष्ट मत असे, की हा प्रश्न पहिला नव्हे, शेवटचा आहे. तो आधी विचारला जातो, म्हणून पुष्कळ घरांतला कष्टाचा पैसा वाया जातो.

ॲम्प्लिफायर, म्हणजे विवर्धक, करतो तरी काय? रेकॉर्ड, फीत किंवा मोबाइल यांच्याकडून येणारा दुबळा विद्युत् संदेश तो लाउडस्पीकर हलवण्याइतका सबळ करतो. संदेश मोठा व्हावा, पण त्याचा आकार बदलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

आता थोडे गणित करू. विवर्धकाची शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट हवी! समजा, तुमचा विवर्धक 20 वॅटचा आहे. त्याजागी 40 वॅटचा आणलात, तर कमाल आवाज थोडासाच वाढेल. दुप्पट हवा असेल तर 200 वॅट लागतील. उलट, लाउडस्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते. 1 वॅट शक्ती दिल्यावर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते ती सांगते. 87 ऐवजी 90 डेसिबलचा लाउडस्पीकर जोडला, तर जुना 20 वॅटचा विवर्धकच 40 वॅटच्या विवर्धकाइतका आवाज देईल.

खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' या नावाने शेकडो वॅटचे आकडे छापलेले दिसले, तर भुलू नका. ते कसे मोजायचे याचे सर्वमान्य प्रमाणच नाही. सतत किती वॅट मिळतात, आणि किती ओहमच्या लाउडस्पीकरला, एवढेच विचारा.

मग मोठ्या विवर्धकाला काहीच अर्थ नाही काय? आहे. तबल्याची एखादी थाप सरासरी आवाजापेक्षा 20 डेसिबलने वर जाऊ शकते. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरीला पाव वॅट लागत असेल, तर त्या क्षणी 25 वॅट लागतात. तेवढी शक्ती नसली, की तरंगांचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. नेहमीच्या आवाजात ऐकताना असे होत असेल, तर नवा विवर्धक जरूर घ्या.

कोणी म्हणेल, "संगीत आकड्यांत कसे मावेल? आमच्या कानांना फरक कळतो!" ठीक आहे, तर मग कानांचीच परीक्षा घेऊ. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन विवर्धक पडद्याआड ठेवा. एकाच स्वराचा संदेश देऊन लाउडस्पीकरच्या टोकांवरील व्होल्टता मीटरने मोजा आणि दोन्हींची सारखी करा. हे फार महत्त्वाचे आहे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. आता दर वेळी नाणे उडवून एक विवर्धक निवडा, आणि तो कोणता हे ऐकणाऱ्याला ओळखू द्या. असे दहा वेळा करा. केवळ अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता 1024 मध्ये फक्त 11! तेवढी आली, तर फरक खरोखर ऐकू येतो असे मी आनंदाने मान्य करीन. न आली, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणखी एक गोष्ट. विवर्धक बदलता येतो, कान बदलता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. पातळी 3 डेसिबलने वाढली, की ही मुदत निम्मी होते. म्हणजे विकत घेतलेली दुप्पट शक्ती सारखी वापरलीत, तर त्याची किंमत तुमचे कान मोजतील.

म्हणून घरात असा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा, "आपल्या संचात नेमके काय कमी आहे, ते आधी तपासले का?" उद्धटपणे नव्हे, पण मागे न हटता. पुस्तकातले विज्ञान घरी उपयोगी पडते ते असेच.