कचऱ्याचा भार आणि शेजाऱ्याचा हक्क

गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात, जेथे पूर्वेस सह्याद्रीचे संरक्षित अरण्य, पश्चिमेस किनारपट्टीचे निर्बंध आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांस खेटून वसलेली गावे व कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या, जमिनी आहेत, तेथे १९१ ग्रामपंचायतींपैकी प्रत्येकीने आपल्या कचऱ्याची अंतिम विल्हेवाट आपल्याच हद्दीत लावावी, ही अपेक्षा तत्त्वतः न्याय्य असली तरी व्यवहारात निभणारी नव्हे. पंचायतच काय, मडगावसारख्या मोठ्या पालिकेलाही हे साधले नाही. तिच्या सोनसोडो येथील कचरा-डेपोत वर्षानुवर्षे साचत गेलेला आणि वारंवार पेटलेला ढिगारा त्याची साक्ष देतो. म्हणूनच २०१६ च्या कायद्याने राज्यभरच्या कचऱ्यासाठी गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाची स्थापना झाली, हे योग्यच झाले.

अनेक गावांचा कचरा एकत्र हाताळणाऱ्या सामाईक प्रकल्पांचे फळही दिसले आहे. साळगावच्या पठारावर, जेथे पूर्वी उघड्यावर कचरा टाकला जाई, तेथे २०१६ साली प्रतिदिनी १०० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे ती क्षमता २५० टनांपर्यंत वाढविण्यात आली. ओल्या कचऱ्यापासून वायू, वायूपासून वीज आणि उरलेल्या अंशापासून खत, असा तेथील क्रम आहे. जे कुजत नाही, पण जळू शकते, ते बांधून कर्नाटकातील सिमेंटच्या कारखान्यांकडे रवाना होते. दक्षिणेत काकोड्याचा प्रकल्पही उभा राहिला.

परंतु यंत्र कितीही उत्तम असले, तरी ओले आणि सुके एकत्र कालवून आलेला कचरा त्याची शक्ती क्षीण करतो, खताची प्रत बिघडवितो आणि दुर्गंधीस कारण होतो. आणि ही दुर्गंधी ज्या घरातून वा हॉटेलातून तो कचरा निघाला तेथे न जाता, प्रकल्पाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गावकऱ्याच्या दारी जाते. दूरच्या माणसाची बेपर्वाई आणि जवळच्या माणसाचा त्रास यांच्यामध्ये महामंडळ उभे आहे. म्हणून केवळ कचरा वाहून नेणे व ठेकेदाराचे देयक चुकते करणे एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपत नाही; ज्या गावाने सर्वांचा भार आपल्या भूमीवर घेतला, त्या गावाचा कैवार घेणे हेच त्याचे पहिले कर्तव्य होय.

या कर्तव्याची आठवण नव्या प्रकल्पांच्या वेळीही ठेवावी लागेल. बायंगिणी येथील नियोजित कचरा प्रकल्पास जुने गोवे परिसरातून झालेला विरोध अडाणीपणाचा म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण ज्या रहिवाशास प्रकल्पात रोज किती कचरा आला, त्यातील किती वर्गीकृत होता, सांडपाण्याची व हवेची तपासणी कोणी केली आणि तिचा निष्कर्ष काय, हे समजण्याचा हक्क दिला जात नाही, त्याने कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा?

तेव्हा महामंडळाने हा हिशेब दरमहा त्या त्या ग्रामसभेपुढे मांडावा, गावकऱ्यांच्या प्रतिनिधींस तपासणीचा अखत्यार द्यावा, आणि वर्गीकरण न करता कचरा पाठविणाऱ्या पालिका-पंचायतींकडून जबर आकार वसूल करून तो प्रकल्पाशेजारच्या गावांच्या कल्याणार्थ खर्चावा. सरकारने यासाठी कायद्यात स्पष्ट तरतूद करावी. आणि तोवर नागरिकांनी आपल्या घरचा ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, कारण तो शेजारधर्माचा प्रश्न आहे.