चाकांचा किनारा कीं पावलांचा?

"एकदां का रेवस-रेड्डी सागरी मार्ग पुरा झाला, म्हणजे सगळ्या कोंकणाची शोभा एका दिवसांत डोळ्यांखालून घालतां येईल," असें वाक्य हल्लीं सुशिक्षितांच्या बैठकींत वारंवार ऐकूं येतें. बोलणाराचा हेतु चांगला असतो, आणि ऐकणारेहि माना डोलावतात. आम्हांला मात्र या वाक्याचा राग येतो. देवळांतील मूर्तीचें दर्शन घोड्यावर बसून घेतलें तर त्यास आपण दर्शन म्हणत नाहीं. मग समुद्राचेंच दर्शन कांचेआडून, बसल्या जागेवरून, फराळाचा डबा मांडीवर घेऊन पुरें झालें असें कां मानावें?

प्रथम या मार्गाची हकीकत थोडक्यांत सांगूं. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळांत मुख्यमंत्री असतांना ही कल्पना पुढें आली. पुढें कित्येक वर्षें ती तुकड्यातुकड्यांनीं रेंगाळली, आणि आतां नव्या जोमानें हातीं घेतली गेली आहे. उत्तरेस रेवसपासून दक्षिणेस रेड्डीपर्यंत सुमारें ५०० किलोमीटर लांबीचा हा मार्ग धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या पुलांनीं ओलांडणार आहे. आम्ही या मार्गाचे वैरी नाहीं. ज्या गांवांतील अडलेल्या बाळंतिणीस तरीची वाट पाहत खाडीच्या कांठीं बसावें लागलें, तेथल्या माणसास 'तुम्हांला रस्ता कशाला?' असें शहरांत बसून विचारणें हा निव्वळ उद्दामपणा होय. हापूसची पेटी आणि हर्णैची मासळी वेळेवर बाजारीं पोंचली पाहिजे, हें आम्हांसहि मान्य आहे. तक्रार एवढीच, कीं या मार्गाविषयीं जी चर्चा चालते तींत पुलांची लांबी येते, मोटारींचा वेग येतो, पर्यटकांच्या निवासांची सोय येते. पण जो आपल्या दोन पायांवर जातो त्याचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. चालणाराचें नाहीं, आणि धांवणाराचें तर नाहींच नाहीं. आमचें म्हणणें असें, कीं किनाऱ्याच्या शोभेवर पहिला हक्क त्याचाच आहे, आणि नव्या मार्गाच्या पायीं त्याची वाट मोडूं देतां कामा नये.

हें म्हणणें नुसत्या भावनेचें नव्हे. दापोली तालुक्यांतील एकच वाट उदाहरणास घेऊं. प्रस्तुत लेखकास तिच्यावरून अनेकदां पहाटेस धांवण्याचा योग आला आहे. कर्द्याच्या पुळणीवर उतरावें आणि समुद्र डाव्या हातास ठेवून उत्तरेकडे निघावें. पण निघण्यापूर्वीं मनगटावरच्या घड्याळापेक्षां भिंतीवरच्या पंचांगास विचारणें बरें. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ ढोबळ मानानें निघते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. अष्टमीस सकाळीं सहाच्या सुमारास समुद्र कांठोकांठ भरलेला असतो. त्या दिवशीं धांवणारास वरच्या भुसभुशीत वाळूंत पाय ओढीत जावें लागतें. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती अकरा-बाराकडे जाते, म्हणून सूर्योदयाच्या वेळीं ओहोटी असते, आणि ओली पुळण पावलाखालीं फरशीसारखी टणक लागते. पुळण समुद्राकडे उतरती असल्यामुळें एक पाय सतत खालीं पडतो. म्हणून जाणता माणूस गेल्या वाटेनेंच परततो, आणि जातांना एका पायावर पडलेला भार येतांना दुसरा पाय वांटून घेतो. हें ज्ञान कोणत्याहि मार्गदर्शक पाटीवर लिहिलेलें नसतें. तें पायांस होतें.

मुरुडपर्यंत पुळण अखंड आहे. तेथें गांवांत शिरलें कीं जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी पाणंद लागते. दोहों बाजूंस माडापोफळींच्या वाड्या, शिंपण्याच्या पाण्याचा आवाज, आणि अंगावर एकाएकी आलेला गारवा. हर्णै आधीं नाकास कळतें, मग डोळ्यांस. होड्यांची गर्दी ओलांडून दृष्टि पाण्यावर जाते तों सुवर्णदुर्ग उभा असतो. मोटारींतून तो दिसतो आणि जातो. धांवणारापुढें तो हळूहळू वळतो; एक बुरूज मागें सरतो, दुसरा पुढें येतो, तटाची सांवली लांबते. अंजर्ल्याची खाडी ओलांडून, गांवांतून चढणाऱ्या पाखाडीनें कड्यावरच्या गणपतीपाशीं पोंचावें, दम घ्यावा आणि मागें वळून पाहावें: जो किल्ला तासाभरापूर्वीं अंगावर येत होता, तोच पायांखालीं पाण्यांत बसलेला दिसतो. त्या देवळास मोटारीचाहि रस्ता आहे, आणि दृश्य तेथूनहि तेंच आहे, असें कोणी म्हणेल. दृश्य तेंच, पण पाहणारा तो नव्हे. तासास ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडींतून मिनिटास एक किलोमीटर मागें पडतो. धांवणारास त्याच किलोमीटराला सहा-सात मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत खेकड्यांनीं ओल्या वाळूवर घातलेली गोळ्यांची रांगोळी त्याच्या नजरेंत भरते.

पुळणीची ही गोष्ट झाली. वरच्या सड्यांची तशीच. रत्नागिरी-राजापूरचे सडे मोटारींतून उजाड कातळ वाटतात. श्रावण-भाद्रपदांत त्यांवर बोटभर उंचीच्या फुलांचा गालिचा पसरतो, पण तो पाहण्यास मान खालीं घालून जावें लागतें. याच कातळांवर कोरलेलीं कातळशिल्पें कित्येक शतकें पडून होतीं. रत्नागिरीच्या शोधकांनीं गुराख्यांस विचारीत, सडे पायीं तुडवीत तीं हुडकून काढलीं. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारें १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्या पोटांत इतर प्राण्यांच्या आकृति आहेत. २०२२ सालीं या शिल्पांचें नांव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत गेलें. एवढा मोठा हत्ती चाकांस सांपडला नाहीं, पावलांस सांपडला, हें विसरूं नये.

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला आक्षेप असा, कीं धांवणें हा पोट भरलेल्या शहरी लोकांचा नवा षोक आहे. त्यासाठीं सरकारनें खर्च कां करावा? या आक्षेपांत थोडें तथ्य आहे, तें आम्ही आधींच कबूल करतों. शर्यतींत गळ्यांत पडणाऱ्या पदकाकडे लक्ष लावून, मनगटावरील आंकडे पाहत, समुद्राकडे एकदांहि न पाहतां किनाऱ्यावरून धांवत जाणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. मॅरेथॉन हें मुळांत ग्रीसच्या किनाऱ्याजवळील एका गांवाचें नांव. पण त्या शर्यतीचें ४२ किलोमीटर १९५ मीटर हें अंतर १९०८ च्या लंडनच्या सामन्यांत धांवलें गेलें, १९२१ सालीं तेंच कायम झालें, आणि हल्लीं पुष्कळांस गांव, समुद्र यांपेक्षां तो आंकडाच प्रिय झाला आहे. अशांसाठीं आम्ही वाट मागत नाहीं.

पण कोंकणांत पहाटे चारला उठून धांवणारा बहुतेक कोण असतो, हें आक्षेपकानें एकदां पाहावें. तो पोलिसभरतीची तयारी करणारा गांवचा मुलगा असतो, आणि हल्लीं मुलगीहि असते. त्या परीक्षेंत मुलास १६०० मीटर आणि मुलीस ८०० मीटर धांवून दाखवावें लागतें. कांहीं सेकंदांच्या फरकानें घराचें नशीब इकडचें तिकडे होतें. या मुलांजवळ मैदान नाहीं. तीं डांबरी रस्त्याच्या कडेनें अंधारांत धांवतात, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडांत क्षणभर गडग्यास चिकटून उभीं राहतात. हा धोका काल्पनिक नव्हे. २०२५ च्या जानेवारींत बीड-परळी मार्गावर भरतीचा सराव करणारे तीन तरुण पहाटेस गाडीखालीं सांपडून मरण पावले. तो मुलूख किनाऱ्याचा नव्हे. परंतु कडेला पाऊलवाट नसलेला रस्ता देशावर आणि कोंकणांत सारखाच निर्दय असतो. ज्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढविण्याचा आपण अभिमान बाळगतों, त्याच रस्त्याच्या कडेवर गांवचीं मुलें आपलें भवितव्य धांवत असतात. याला षोक म्हणावयाचें काय?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. "समुद्रकिनारा तर सर्वांस मोकळा आहे; पाहिजे त्यानें तेथें धांवावें." या महाशयांनीं किनारा सलग पाहिलेला नसावा. कोंकणचा किनारा म्हणजे एक लांबच लांब चौपाटी नव्हे. पुळण संपते, डोंगराचें नाक समुद्रांत घुसतें, पलीकडे खाडी येते, मग पुन्हां पुळण. या तुकड्यांस जोडतात त्या पाखाड्या, पाणंदी आणि घाट्या. एक पाखाडी नव्या रस्त्याच्या कापणींत गेली, एक पाणंद नव्या मालकाच्या कुंपणांत गेली, कीं सगळी माळ तुटते. शिवाय खुद्द पुळण तरी मोकळी कोठें उरली आहे? धूप थांबविण्यासाठीं रचलेल्या दगडी बंधाऱ्यांनीं कांहीं ठिकाणीं उतरण्याची जागाच खाल्ली आहे. आणि जेथें ती आहे, तेथें सुटीच्या दिवशीं मोटारी थेट वाळूवर उतरवून चक्रें काढण्यांत पुरुषार्थ मानणारे वीर असतात. वेळासचे ग्रामस्थ २००२ पासून कासवांचीं अंडीं राखतात, पिलें समुद्रांत सोडतात. आणि तशाच दुसऱ्या पुळणीवर पाहुण्यांचीं चाकें बेफाम फिरतात. पावलानें वाळूचें कांहीं बिघडत नाहीं. एका भरतीनें तें पुसलें जातें.

इतरांनीं काय केलें, हेंहि पाहूं. इंग्लंडनें २००९ सालीं कायदा करून आपल्या किनाऱ्यानें पायीं जाण्याचा हक्क जनतेस दिला. वेल्सनें २०१२ सालीं सुमारें १४०० किलोमीटरची सलग किनारवाट खुली केली. आम्हांला त्यांची नक्कल नको, आणि तिची गरजहि नाहीं. कारण त्यांस जी वाट नव्यानें जुळवावी लागली, तिचे तुकडे आमच्या आज्यापणज्यांनीं जांभा फोडून आधींच बांधून ठेवले आहेत. मागणें थोडेंच आहे. प्रत्येक गांवच्या नकाशावर जुन्या पाखाड्या आणि पाणंदी सार्वजनिक वाटा म्हणून नोंदल्या जाव्यात. नवा मार्ग जेथें त्यांस छेदील, तेथें त्याखालून किंवा त्यावरून माणसास जाण्याची सोय असावी. मार्गाच्या एका अंगास आणि प्रत्येक पुलावर गाड्यांपासून वेगळी राखलेली पायवाट असावी. आणि पुळणीवर वाहन उतरविणारास खरोखरीचा दंड व्हावा. हजारों कोटींच्या कामांत हा खर्च डोळ्यांत भरण्याजोगा नाहीं. मात्र काम झाल्यावर तो करूं म्हटलें, तर तो दसपट होईल, आणि मग कोणी करणार नाहीं.

१८७५ सालीं मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठीं भर पावसांत पायीं सातारला गेला. शंभराहून अधिक मैल चालून तो पोंचला, तों तेथील अध्यक्षांस तो सतरा वर्षांचा वाटेना, आणि त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तो मुलगा म्हणजे पुढें महर्षि झालेले धोंडो केशव कर्वे. त्यांचा पुतळा उभारण्यास आपण सदैव तयार असतों. ज्या वाटांनीं तो मुलगा घडला त्यांची आठवण मात्र आपणांस होत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत. मे महिन्यांत ते मुलाबाळांसह तेथें जातील. आमची त्यांस एवढीच विनंति, कीं एक दिवस मोटार अंगणांत राहूं द्यावी. पहाटेस मुलांस घेऊन पुळणीवर उतरावें. चालतां येईल तर चालावें, धांवतां येईल तर धांवावें. आणि परततांना गांवची जुनी पाखाडी अद्याप शाबूत आहे कीं नाहीं, तें पाहून ग्रामपंचायतींत विचारणा करावी. मार्गाची आंखणी आज चालली आहे. उद्यां बैल गेल्यावर झोपा करण्यांत अर्थ नाहीं.