कसलं डोंबलाचं जर्मन!

‘मर्सिडीज? अस्सल जर्मन नाव! ऐकतानाच ताकद जाणवते.’ नव्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत एका गृहस्थांनी मला ठासून सांगितलं. गाडी लाखांची, अक्कल दमडीची.

कसलं डोंबलाचं जर्मन! हे स्पॅनिश पोरीचं नाव. मूळ ‘मारिया दे लास मेर्सेदेस’. ‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, ‘मेर्सेदेस’ हे तिचं अनेकवचन. आपण लेकीला देवीचं नाव ठेवतो ना? तिथे मारियामातेचं बिरुद ठेवतात. इतकं सोपं आहे.

बारशाची नावं पुरवणारे पुस्तकवाले तर आणखी आळशी. ‘अर्थ: दया’ एवढं खरडलं की झाले मोकळे! अहो, कोणाची दया, कोणावर? १२१८ साली बार्सिलोनात पेद्रो नोलास्कोने एक धर्मसंघ काढला. मुसलमानी राजवटींच्या कैदेत पडलेल्या ख्रिस्ती माणसांना पैसे भरून सोडवायचं, हे त्याचं काम. पैसे कमी पडले तर? कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं, अशी नेहमीच्या तीन शपथांवर चौथी शपथच हे साधू घेत. त्या संघाची माउली ती ही मेर्सेदची मारिया. शब्दाचं लॅटिन मूळ ‘मेर्केस’, म्हणजे मजुरी, मोबदला. ही दया फुकटची नव्हे. कोणीतरी तिची किंमत मोजलेली आहे. दोन अक्षरांत कोंबून तुम्ही तिचा जीव घेतलात!

मग नाव गाडीवर चढलं कसं? नीसमध्ये राहणाऱ्या एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याच्या लेकीचं हे नाव. मोटारींच्या शर्यतीतही तो तेच लावायचा. १९०० साली त्याने डाइमलर या जर्मन कंपनीकडे ३६ गाड्या मागवल्या आणि त्यांच्या इंजिनाला लेकीचं नाव द्यायला लावलं. पोर तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. १९०२ साली कंपनीने नाव नोंदवून टाकलं. १९०३ साली तर बापाने स्वतःच्या आडनावालाही ते जोडलं. आता सांगा, यात जर्मन काय? कारखाना! नाव नव्हे.

आणि हे नाव ऐकायला जर्मनीला कशाला जायला हवं? पणजीला लागून मर्सेस गाव आहे. त्याच माउलीच्या पोर्तुगीज नावाचं. गोव्याला दहा वेळा जाऊन आलेल्यांना हे ठाऊक नसावं, याची मला चीड येते.

बार्सिलोना दर २४ सप्टेंबरला या माउलीचा उत्सव करते. तिचं नाव बंदिवानाची बेडी तोडण्यासाठी जन्मलं. ते श्रीमंतीचा बिल्ला म्हणून मिरवणं हा त्या नावाचा अपमान आहे.