सोंगटीला हलण्याची मुभा आहे काय?

राहण्यासाठी वस्ती निवडणे ही खासगी आवड मानली जाते. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एका प्रारूपातून दाखवले, की ‘काही शेजारी तरी आपल्यासारखे असावेत’ ही सौम्य अपेक्षासुद्धा गोऱ्या-काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ पूर्ण विलग करू शकते. त्यासाठी द्वेषाची गरज नसते.

हे प्रारूप भारताला लावताना मात्र सावध राहावे. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी १९६१-६२ मध्ये तंजावूर जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास केला. तेथे ब्राह्मणांचा अग्रहार, ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या आणि दलितांची चेरी अशी विभागणी होती. चेरीतील कुटुंबाला अग्रहारात घर घेणे शक्यच नव्हते. महाराष्ट्रातील गावकुसाबाहेरच्या वस्त्याही अशाच घडल्या.

शेलिंग यांच्या पटावर प्रत्येक सोंगटीला मोकळ्या घरात जाण्याची मुभा असते. जातीच्या पटावर घर मोकळे असूनही काहींना तेथे प्रवेश नसतो. आजही घरमालक भाडेकरूचे आडनाव विचारून नकार देतो, तेव्हा एकाची ‘आवड’ दुसऱ्याचा पर्याय हिरावून घेते.

विद्यार्थ्यांनी हे प्रारूप जरूर अभ्यासावे. पण वस्त्यांचा नकाशा वाचताना आधी विचारावे, की येथे निवडीचा अधिकार नेमका कोणाकडे होता?