'सायकालाजी' घेऊन काय करून रायली?

परवा मेहकरला जाऊन आलो. काकांच्या धाकटीने बीएला मानसशास्त्र घ्यायचं ठरवलंय आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण! "थे सायकालाजी घेऊन काय करून रायली हे पोरगी? तूच सांग तिले, तू पुन्यात हायेस!" घरातला इंजिनियर म्हणजे करियरचा शंकराचार्य, अशी आमच्याकडे समजूत आहे.

तर काका, सांगतोच. (चहा पिताना तोंडावर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून इथे.)

सैलानी आपल्या जिल्ह्यात असताना 'या विषयाला स्कोप नाही' हे वाक्य निदान बुलढाण्याच्या माणसाने तरी तोंडातून काढू नये. होळीला पिंपळगाव सराईला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आपण हौसेने बघायला जातो. पण 'बाहेरचं झालंय' म्हणून तिथे आणलेल्या माणसांचं काय? त्यांना काय झालंय हे ओळखणारं कोणी घरात, गावात, तालुक्यात नव्हतं, म्हणून ती तिथे पोचली. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत एक नाही! मग माणूस दर्ग्यात जाईल नाहीतर कुठे जाईल?

श्रद्धेवर माझा राग नाही. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा आणि दुआ' शेजारी शेजारी चालवून दाखवली आहे. नुसत्या दुआवर सोडलं की काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळ्यांना बंदी घातली. पण बंदी कागदावर असते हो, घरच्यांना बसून समजावणारं माणूस लागतं.

आणि शेतकरी? २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. भर सगळा कर्ज, व्याज आणि सिंचनावर. ते हवंच होतं. पण रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाशी बोलायचं कोणी? राज्याला 'प्रेरणा' प्रकल्प सुचायला २०१५ उजाडलं. इकडे आमच्या ऑफिसात मात्र डेडलाइनचा ताण आला की एसी रूममध्ये काउन्सेलर हजर. असो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी बोलले. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. सगळीकडे एमडी डॉक्टरच लागतो असं नाही, काका.

आता तुमचा खरा मुद्दा. नुसतं बीए करून कोणी थेरपिस्ट होत नाही, हे शंभर टक्के मान्य. कायद्यातल्या 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'च्या व्याख्येत उपयोजित मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी नावानिशी आहे, पण तीही एकटी पुरत नाही. वर रुग्णांसोबतचं दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे वाट लांब आहे. पण एमबीबीएसच्या लांब वाटेसाठी तुम्ही एकर विकायला तयार होतात की!

भांडायचंच असेल तर कॉलेजांशी भांडा. पास व्हायला सोपा म्हणून मानसशास्त्र घ्यायचं, आरशात बघून चांदणी गिरवायची, म्युलर-लायरच्या रेषा मोजायच्या आणि प्रॅक्टिकलचं जर्नल गेल्या वर्षीच्या पोरीचं उतरवायचं... याला उपयोजित म्हणतात? सैलानी त्याच जिल्ह्यात, आणि तीन वर्षांत एकदाही वर्ग तिकडे फिरकत नाही. निदान रुग्णांसोबत आलेल्या आई-बापांशी बोलायला तरी न्या पोरांना. ही मागणी घेऊन प्राचार्यांकडे जाणार असाल तर मी रजा टाकून येतो.

एमएला पुण्यात यायचं झालं तर माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे. काका, हे वाचून फोन करा. ओरडायला केलात तरी चालेल, पण फॉर्मची तारीख उलटायच्या आत करा.