पाचवे चाक

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या अंगणात नवी पिकअप गाडी येऊन उभी राहिली, आणि नारळ वाढविण्याचा मान त्याने आपल्या मास्तरांना दिला. जोयडा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात गाडी येणे म्हणजे घरात सून येण्यासारखेच असते. शेजारपाजारचे सगळे पाहावयास येतात, कोणी दारे उघडून पाहतो, कोणी आत बसून पाहतो, आणि किमतीविषयीचे प्रश्न तर संपतच नाहीत. त्याच्या आईने बोनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढले, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवले, आणि गाडी हळूच पुढे सरकताच चारही लिंबे चिरडली गेली. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. गाडीला चाके पाच असतात आणि त्यांपैकी पाचवे मागच्या हौद्याखाली, चिखलमातीच्या वाटेवर, पालथे टांगलेले असते, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आले नाही.

या गाडीशी माझा संबंध नारळापुरता नव्हता. बँकेच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी शहरातल्या दुकानात मी त्याच्याबरोबर गेलो, आणि सगळे कागद चष्मा लावून वाचले. त्याच्या आडनावात एक अक्षर चुकले होते. मी ते दाखविले, तिथल्या मुलीने दिलगिरी व्यक्त करून कागद पुन्हा छापून दिला. भाषेच्या शिक्षकाला अशा प्रसंगी जो एक सूक्ष्म अभिमान वाटतो, तो मला वाटला. त्याच कागदांच्या चळतीत एका पानावर ‘राखीव चाक’ या शब्दांपुढे वेगळे आकडे छापलेले होते. त्यांवरून माझी नजर सरळ पुढे गेली.

श्रावणात, एका सोमवारी पहाटे, आम्ही तिघे कारवारला निघालो. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिकडे न्यावे लागते, मला डोळे तपासून घ्यावयाचे होते, आणि हौद्यात सुपारीची आठ पोती होती. आईला रुग्णालयात सोडून तो पुढे कुमट्याच्या बाजाराला जाणार होता. एका फेरीत तीन कामे, हा आमच्याकडचा रिवाजच आहे; कारण वाट लांबची, रानातली आणि पावसाळ्यात बेभरवशाची. जुने सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, आणि दांडेली व अणशी येथील जंगले मिळून 2007 साली व्याघ्र प्रकल्प झाला. 2015 पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. त्या रानातून अणशीपर्यंत जावे आणि तेथून घाटाने कद्र्याकडे उतरावे, अशी ही वाट. मैलोगणिक पंक्चरवाल्याचे दुकान दिसत नाही, आणि फोनची घंटाही वाजत नाही.

अणशी मागे पडल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मागचे डावे चाक बसले. कडेच्या धारदार दगडाने टायरची भिंतच फाडली होती. अशा जखमेपुढे पंक्चरचे ठिगळ चालत नाही. पाऊस भुरभुरत होता. त्याने खाली निजून पाचवे चाक उतरविले, आडवे रस्त्यावर ठेवले आणि काही क्षण नुसता त्याच्याकडे पाहत उभा राहिला.

“गुरुजी, हे आपल्या गाडीचं नव्हे वाटतं,” तो म्हणाला.

गाडीची चार चाके रुपेरी, चकाकत्या मिश्रधातूची. हे काळ्या पत्र्याचे. टायरचा बांधा बारीक, वरची नक्षी निराळी, कंपनीही निराळी. मी वाकून आकडे वाचले. चारही चाकांवर 235/70 आर 16 असे होते, यावर 215/70 आर 16. रिम दोन्हींची 16 इंचांचीच, आणि नटांतही ते बसणार. परंतु शेजारी ठेवले तर थोरल्या भावाजवळ धाकटा उभा केल्यासारखे दिसत होते.

आमचा हा गृहस्थ ते मागेच लावू लागला होता. इतक्यात खालून एक लॉरी आली, तिचा चालक उतरला आणि एका दृष्टिक्षेपात सगळे ओळखून म्हणाला, “अरे, हे मागे लावू नको. मागे भार आहे, ओढही मागच्याच चाकांना आहे. पुढचं चांगलं चाक काढून मागे आण, आणि हे लहान पुढे लाव. पोती इथंच कुणाकडे तरी उतरव. आणि हळू जा, स्टेअरिंग एका अंगाला ओढेल, ब्रेकही ओढेल.” शिवाय आईकडे पाहून, “घाबरू नका आक्का, पोचता तुम्ही,” असेही म्हणाला. दोनदा जॅक लावावा लागला. अणशीच्या एका घरी माघारी जाऊन पोती उतरविली. त्या माउलीचे पाय सुजलेले होते, आणि ती खिडकीतून मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, “वेळ गेली तर जाऊ दे, तू घाई करू नको.” रुग्णालयात सकाळची पाळी हुकली. तेथल्या लोकांनी संध्याकाळी जागा करून दिली, म्हणून त्या दिवशी निभावले.

लॉरीवाल्याने सांगितलेल्या गोष्टीतले गणित मी घरी आल्यावर पाटीवर मांडले. आठवीच्या मुलांनाही ते जमेल. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती, याचा. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे आमच्या मोठ्या टायरचा पूर्ण व्यास सुमारे 735 मिलिमीटर आणि लहानाचा सुमारे 707. फरक तीन सेंटिमीटरांहूनही कमी. माणूस म्हणेल, एवढ्याने काय होते? पण मोठे चाक एका फेऱ्यात सुमारे 2.31 मीटर चालते, लहान 2.22 मीटर. एका किलोमीटरला मोठ्याचे 433 फेरे, लहानाचे 450. कवायतीत वर्गाची रांग वळते तेव्हा बाहेरच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात आणि आतला जागच्या जागी पावले मोजतो. मागच्या दोन चाकांमध्ये हे काम डिफरन्शियल नावाची दात्यांची पेटी करते. ती वळणापुरती कामाला यावी अशी योजलेली असते. एकीकडे मोठे आणि दुसरीकडे लहान चाक लावले, तर सरळ रस्त्यावरही तिला क्षणाची उसंत मिळत नाही. चारही चाकांना ओढ देणारी गाडी असेल आणि तो खटका कोरड्या रस्त्यावर ओढून ठेवला, तर पुढच्या-मागच्या आसांमध्येच झगडा लागतो. शिवाय टायर लहान म्हणजे त्याला पेलणारा भारही बहुधा कमी; तो किती, हे आकाराच्या आकड्यांनंतर लगेच छापलेल्या दुसऱ्या एका अंकावरून कळते. भरल्या हौद्याखाली ते लावून घाट उतरणे म्हणजे आठवीच्या पोराला बाराव्या इयत्तेचे दप्तर देणे होय.

‘स्टेपनी’ या शब्दाचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर, मेकॅनिक, पंक्चरवाले सगळे पाचव्या चाकाला स्टेपनीच म्हणतात, आणि शब्द इंग्रजी असूनही आजच्या इंग्रजाला तो सहसा कळत नाही. वेल्समधल्या लनेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 साली पहिले राखीव चाक तयार केले, त्याचे हे नाव. तोपर्यंत मोटारींना जादा चाकच नसे. पंक्चर झाले की रस्त्यात बसून टायर सोडवावा लागे. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आरे नसलेली नुसती धाव, वर हवा भरलेला टायर; बसलेल्या चाकाला ती बाजूने चापांनी आवळावयाची आणि घर गाठावयाचे. तेव्हा स्टेपनी जन्मतःच बाकीच्यांहून वेगळी होती, हे खरे. परंतु तिने आपण त्यांच्यासारखे आहोत असा आव आणला नव्हता. ब्राझीलमध्येही ‘एस्तेपे’ या रूपाने तो शब्द नांदतो आहे. असो.

पुढल्या आठवड्यात आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. तेथल्या तरुणाने अत्यंत सौजन्याने ते पान काढून दाखविले. आकडे छापलेले होते, खाली माझ्या विद्यार्थ्याची सही होती. “साहेब, हे फुल साइज स्पेअर आहे,” तो म्हणाला. मी विचारले, “पूर्ण कोणाच्या मानाने?” तो हसला, मग गप्प राहिला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याला शिकविले तेच तो बोलत होता. लहान, केवळ तात्पुरत्या वापराच्या चाकावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा ठळक लिहिलेली असते, म्हणून माणूस सावध राहतो. येथे ‘पूर्ण’ हा एक शब्द माणसाला निजवतो.

यात खर्चवजावट आहे, हे उघड आहे. रुपेरी चाकापेक्षा पत्र्याचे स्वस्त पडते. कारखान्यात टायर दोन-तीन पुरवठादारांकडून येतात, तेव्हा पाचव्यावर कंपनीचे नाव निराळे दिसले तर त्यात दोष नाही; माप आणि भाराचा अंक तोच असला की झाले. खरा तोटा माप बदलले की होतो. पाचही टायर सारखे असले तर त्यांना आळीपाळीने फिरवून सगळे सारखे झिजविता येतात. माप वेगळे असलेले पाचवे त्या फेरीत येतच नाही, ते खाली टांगल्या टांगल्या म्हातारे होते. टायर न चालताही म्हातारा होतो. त्याच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे, तेच त्याचे जन्मटिपण. 2020 च्या जुलैत तर केंद्र सरकारने नियम बदलून, टायरमधील हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य ज्या लहान प्रवासी मोटारींत असेल, त्यांना पाचव्या चाकाची सक्तीच उरविली नाही. शहरातल्या माणसाला ती सोय वाटेल. अणशीच्या वळणावर, भिंत फाटलेल्या टायरपुढे, ते साहित्य हातात घेऊन कोणी उभे राहून पाहावे.

दुकानाने काही बदलून दिले नाही. सुपारी विकल्यावर त्याने मापाचा टायर आणि तसेच चाक स्वतःच्या पैशाने घेतले. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता आठ दिवस उशिरा गेला, आणि मला बँकेतून फोन आला. मी त्याला काही बोललो नाही. बोलावयाचे तर त्या चष्म्याला बोलावे लागले असते.

खंडेनवमीला त्याने पुन्हा बोलाविले. गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. त्याने पाचवे चाक खाली उतरवून अंगणात आणले होते, फडक्याने पुसले होते, आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा त्यावरचे आकडे मोठ्याने वाचीत होता. आईने ताटातून लिंबे काढली. चार चाकांखाली ठेवली, मग आडव्या पडलेल्या त्या पाचव्यापाशी थांबून तिने मला विचारले, “गुरुजी, याच्याखाली कसं ठेवायचं?” मुलाने चाक उभे धरले, तिने लिंबू ठेवले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते त्यावरून ढकलले.