चालत्या यंत्राचे काय करायचे?

२०२५ च्या दिवाळीतील गोष्ट. वसुबारसेला अवघे तीन दिवस उरले असताना, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार काढून घेतला. माझ्या टेबलावरचा संगणक २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असलेला. त्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, दुपारी त्यावर एक लेख लिहून झाला, रात्री विजेचे बिल भरले. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. तरीही ज्या दुकानदाराकडून तो घेतला होता, तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘काका, हा डबा आता भंगारातच. एक्स्चेंजमध्ये दीड हजार लावतो.’ त्याने पुढे केलेल्या कोटेशनचा आकडा साठ हजारांच्या पुढे होता.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राविषयी दुकानदार सांगेल ते प्रमाण मानून तीस वर्षे पत्रकारिता केली. या वेळी मात्र कोटेशन घडी करून खिशात घातले आणि घरी आलो. मध्यमवर्गीय घरात साठ हजार ही रक्कम सणाच्या उत्साहात उडवून टाकण्याची नसते.

मुळात हा प्रश्न उद्भवला कसा? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी केली, तीत इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर बसतात. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे माझ्यासारख्याने वर्ष-दीड वर्ष आधी खरेदी केली, एवढाच त्याचा अपराध. यंत्राचे वय आणि प्रणालीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजार त्या हेतुपुरस्सर एक करून सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एके काळी बाजाराचे म्हणणे खरे होते, हेही मान्य केले पाहिजे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, पेंटियम ४ दोन गिगाहर्ट्झवर पोहोचला. चारशे पटींहून अधिक! त्या काळात तीन वर्षे जुना संगणक खरोखरच म्हातारा होत असे. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल असे भाकीत केले होते. १९७५ मध्ये त्यांनीच तो काळ दोन वर्षांचा धरला. संख्या वाढत राहिली, पण वेग थबकला. २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले आणि पुढे उष्णता आवरेना. त्याच्या पुढची चकती इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, इंटेलच्या सर्वांत वेगवान डेस्कटॉप प्रोसेसरने ६.२ गिगाहर्ट्झ गाठले. आधीच्या वीस वर्षांत चारशे पट, नंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही.

मग कंपन्यांनी काय केले? एका मेंदूऐवजी अनेक मेंदू, म्हणजे कोअर, एकाच चकतीवर बसवले. २००५ मध्ये दोन, लवकरच चार, आणि २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणून सर्वसामान्यांच्या आवाक्यात आठ कोअर आणले. तोपर्यंत इंटेल घरगुती डेस्कटॉपमध्ये जवळपास दहा वर्षे चारवरच अडून बसली होती. स्पर्धक नसला की काय होते, त्याचा हा धडा. आज चोवीस कोअरचे प्रोसेसर दुकानात मिळतात. परंतु पंगतीत वाढपी वाढवले तर पाने लवकर वाढून होतात. पुरण शिजायला लागणारा वेळ आचारी वाढवून कमी होत नाही. लिहिणे, हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार ही कामे पुरणाच्या जातीची आहेत. चित्रफितींचे संपादन, त्रिमिती आराखडे, मोठी गणिते ही पंगतीच्या जातीची. आपले काम कोणत्या जातीचे, हे ठरवल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नये.

माझ्या यंत्राला खरे तारुण्य आले ते २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत. पुतण्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम आठची सोळा जीबी केली. सुरू व्हायला तीन मिनिटे घेणारे यंत्र चहाचा कप टेबलावर येण्याआधी तयार होऊ लागले. प्रोसेसर तोच! अनेक घरांत ‘प्रोसेसर संथ झाला’ म्हणून जी तक्रार असते, ती वस्तुतः डिस्कची असते. प्रोसेसर झिजून संथ होत नाही.

पुतण्याचे उदाहरण नेमके उलट. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जोडीला चित्रफिती संपादित करून चार पैसे मिळवतो. त्याचा सहा कोअरचा रायझन रात्र-रात्र अडून राही. ‘काका, तुमचं काम टाइपरायटरवरही होईल, माझं होत नाही,’ असे त्याने मला सुनावले, आणि ते योग्यच होते. पण त्याने संगणक बदलला नाही. त्याचा मदरबोर्ड एएम-४ या सॉकेटचा, २०१८ चा. त्यात बायोस अद्ययावत करून २०२२ साली आलेला आठ कोअरचा प्रोसेसर बसला. बोर्ड तोच, रॅम तीच. इंटेलने मात्र २०२०, २०२१ आणि २०२४ अशी तीनदा सॉकेट बदलली. नवा संगणक घेणाऱ्याने प्रोसेसरच्या नावाआधी सॉकेट पाहावी, हे मी त्या दिवशी शिकलो. एएम-५ ही पुढची सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू, असे एएमडीने जाहीर केलेले आहे.

दुकानात हल्ली आणखी एक शिक्का दाखवला जातो: ‘एआय पीसी’. प्रोसेसरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपल्या कोपायलट प्लस संगणकांसाठी ४० टॉप्स ही किमान क्षमता ठरवली. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला एनपीयू आहे १३ टॉप्सचा. त्या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी कडेवरून जेवणाचा अंदाज बांधणे होय. शिवाय याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा केंद्रांनी मेमरी चिपचा एवढा उपसा केला, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. नवे प्रोसेसर बहुतांशी डीडीआर-५ मागतात. ज्याच्याकडे चांगली डीडीआर-४ रॅम आहे, त्याने ती भंगारात देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

एका भाबडेपणाविषयीही लिहिले पाहिजे, कारण तो आपल्याच लोकांत अधिक आढळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘विक्रम ३२०१’ हा स्वदेशी प्रोसेसर पंतप्रधानांना सादर झाला आणि ‘आता इंटेलची गरज संपली’ असे निरोप फिरू लागले. विक्रम हा इस्रोच्या अग्निबाणांसाठी, मोहालीच्या प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने घडवलेला ३२ बिटी प्रोसेसर आहे. अवकाशातील तापमान आणि कंपने सोसणे हे त्याचे काम, आणि ते मोठे काम आहे. सी-डॅकने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला ‘ध्रुव-६४’ दोन कोअरचा, एक गिगाहर्ट्झचा. अभिमान अवश्य बाळगावा, पण हे आपल्या टेबलावरच्या संगणकाचे पर्याय नव्हेत. इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही ताज्या डेस्कटॉप प्रोसेसरचे मुख्य भाग आज तैवानच्या टीएसएमसीच्या तंत्रावर घडतात; डेस्कटॉपचे भवितव्य त्या सामुद्रधुनीतील शांततेवर अवलंबून आहे. १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत भस्मसात झाला, आणि त्यानंतर आपण किती दशके गमावली, याचा हिशेब निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी मांडून पाहावा.

असो. माझ्या डब्याचे काय झाले? आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करीत राहणे हा शुद्ध अविचार ठरला असता. या एका बाबतीत दुकानदाराची भीती रास्त होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने देऊ केलेल्या वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केली. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. दरम्यान पुतण्याने दुसऱ्या डिस्कवर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घालून दिली. इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही तोच आहे, त्यामुळे मराठी लिहिताना बोटांना फरक कळला नाही. छपाईयंत्र जोडायला मात्र एक अख्खा रविवार गेला.

ज्या मुद्रकाकडे माझी पुस्तके होतात, तो अजून २००१ च्या पेजमेकरवर आणि जुन्या मराठी फॉन्टवर पाने लावतो. नव्या प्रणालीवर त्याच्या वीस वर्षांच्या फायली उघडत नाहीत. त्याला मी संगणक बदलायला सांगितले नाही. इंटरनेटची तार तेवढी काढून ठेवा, आणि फायलींची एक प्रत दुसरीकडे करा, एवढेच सांगितले. तार त्याने त्याच दिवशी काढली. प्रत अजून व्हायची आहे.